सच्छिद्र सिरॅमिक घडवताना: पहिल्या चकतीपासून मोजमापापर्यंत

सारख्याच व्यासाच्या आणि सारख्याच जाडीच्या दोन भाजलेल्या चकत्या मोजल्या आणि दोन्हींची सच्छिद्रता ४० टक्के भरली, तरी एकीतून पाणी मिनिटाभरात उतरते आणि दुसरीतून तेवढेच पाणी उतरायला अर्धा दिवस जातो, असे सहज घडते. या कामात नव्याने पडणाऱ्याने ही गोष्ट आधी मनात पक्की धरावी. सच्छिद्रतेचा टक्का पोकळी किती आहे एवढेच सांगतो. ती पोकळी केवढ्या छिद्रांत वाटली गेली आहे, ती छिद्रे किती रुंद गळ्यांनी एकमेकांना जोडलेली आहेत आणि त्यांच्यामधली भिंत किती पक्की भाजली आहे, हे त्या आकड्यात दिसत नाही. वस्तूचे गुण मात्र याच तीन गोष्टींवर ठरतात, आणि त्या तिन्ही पावडर चाळण्यापासून भट्टी निवेपर्यंत थोड्याथोड्या घडत जातात. म्हणून पुढे प्रत्येक पायरीवर काय करायचे ते सांगताना, त्या कृतीने छिद्रांचे काय होते हेही सांगितले आहे.

आधी उपयोग ठरवावा

छिद्र केवढे हवे हे ठरवल्याशिवाय माती हातात घेऊ नये. पाण्यातले जिवाणू अडवायचे असतील तर गळे मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, लहान लागतात. चार्ल्स शाँबरलाँ यांनी १८८४ मध्ये पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत घडवलेला चिनीमातीचा गाळक याच तत्त्वावर चालत असे, आणि त्यातूनही जे आरपार जाते त्याच्या शोधातून पुढे विषाणूंचा अभ्यास सुरू झाला. डिझेल इंजिनाच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या कॉर्डिएराइट किंवा सिलिकॉन कार्बाइड या उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिकच्या भिंतींत दहा-वीस मायक्रॉनची छिद्रे असतात. हाडाच्या जागी बसवायच्या आणि हाडातल्या खनिजासारख्याच असलेल्या हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटमध्ये पेशींना आणि रक्तवाहिन्यांना शिरता यावे म्हणून एकमेकांना जोडलेली, शंभर मायक्रॉनहून मोठी छिद्रे ठेवतात. वितळलेला धातू गाळण्यासाठी मिलिमीटरच्या मापाची जाळी लागते. उष्णतारोधक विटेत छिद्रे लहान असावीत आणि जमेल तितकी बंद असावीत.

उघडे छिद्र आणि बंद छिद्र यांतला फरक येथेच समजून घ्यावा. उघडे छिद्र पृष्ठभागापर्यंत पोहोचते. बंद छिद्र चहूबाजूंनी भिंतीने वेढलेले असते. गाळकाला आणि उत्प्रेरकाच्या आधाराला उघडी छिद्रेच उपयोगाची असतात. त्यांच्या दृष्टीने बंद छिद्र म्हणजे ताकद घालवून बसलेली निरुपयोगी जागा होय.

पावडर आणि छिद्रकारक

शिकण्यासाठी सर्वांत सरळ मार्ग म्हणजे मातीत जळून जाणारा पदार्थ मिसळून ती भाजणे. हा पदार्थ जळतो आणि आपल्या आकाराची पोकळी मागे ठेवतो. त्याला पुढे छिद्रकारक म्हटले आहे. मुख्य पावडर म्हणून केओलिन, म्हणजे पांढरी चिनीमाती, घ्यावे, आणि हात बसल्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडकडे, म्हणजे अ‍ॅल्युमिनाकडे वळावे. केओलिन १००० अंश सेल्सिअसच्या आसपास हाताळण्याजोगे पक्के होते, तर अ‍ॅल्युमिनाला अर्धवट भाजण्यासाठीही साधारण १२०० ते १४०० अंश लागतात.

पावडरीच्या कणांचा आकार भिंतीतले बारीक गळे ठरवतो. सारख्या आकाराचे गोल कण दाटीने बसले, तर त्यांच्यामधल्या फटींचा गळा कणाच्या व्यासाच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राहतो. लहानमोठे कण मिसळले की लहान कण मोठ्यांच्या फटीत जाऊन बसतात, पोकळी घटते आणि गळे आणखी अरुंद होतात. म्हणून गाळक करायचा असेल तर पावडर एकसारख्या कणांची असणे फार मोलाचे आहे. चाळण्याचा कंटाळा केला तर पुढची कोणतीही पायरी ती चूक भरून काढत नाही.

छिद्रकारक म्हणून स्टार्च उत्तम, कारण त्याचे कण निसर्गतःच बऱ्यापैकी एकसारखे असतात आणि स्रोत बदलला की आकार बदलतो. तांदळाच्या स्टार्चचा कण सुमारे ५ मायक्रॉनचा, मक्याचा सुमारे १५ मायक्रॉनचा आणि बटाट्याचा साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. बाकी कृती तीच ठेवून केवळ स्टार्च बदलून तीन चकत्या केल्या, तर छिद्राच्या आकाराचा परिणाम जितका स्वच्छ दिसतो तितका दुसऱ्या कोणत्याही प्रयोगात दिसत नाही. लाकडाचा भुसा, ग्रॅफाइट, प्लॅस्टिकचे बारीक गोलक हेही वापरतात. भुशाचे कण लांबट असल्यामुळे छिद्रेही लांबट होतात आणि दाबाच्या दिशेला आडवी झोपतात, त्यामुळे चकतीचे गुण उभ्या आणि आडव्या दिशेला वेगळे येतात.

प्रमाण आकारमानाने काढावे

नवख्यांची सर्वाधिक फसगत येथे होते. छिद्र म्हणजे जागा. म्हणून छिद्रकारकाचा हिस्सा आकारमानाने ठरवायचा आणि तोलण्यापुरता वजनात उतरवायचा. समजा, घन पदार्थाच्या एकूण १०० घनसेंटिमीटरपैकी ३० घनसेंटिमीटर स्टार्च हवा आहे. केओलिनची घनता सुमारे २.६ आणि स्टार्चची सुमारे १.५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरली, तर ७० घनसेंटिमीटर केओलिनचे वजन १८२ ग्रॅम आणि ३० घनसेंटिमीटर स्टार्चचे ४५ ग्रॅम होते, म्हणजे वजनाने स्टार्च जवळजवळ २० टक्के. हाच हिशेब अ‍ॅल्युमिनासाठी केला, तर त्याची घनता ३.९८ असल्याने ४५ ग्रॅम स्टार्च वजनाने केवळ १४ टक्के भरतो. एकाची वजनी कृती दुसऱ्याला जशीच्या तशी लावली की छिद्रांचे गणित चुकते. स्टार्चमध्ये हवेतला ओलावा दहा टक्क्यांहून अधिक असू शकतो, म्हणून तोलण्यापूर्वी तो वाळवून घ्यावा.

किती स्टार्च घालावा याला एक उंबरठा असतो. थोडा स्टार्च असेल तर त्याचे कण मातीत सुटेसुटे राहतात, आणि जळाल्यावर उरणारी मोठी छिद्रे एकमेकांशी थेट जोडली जात नाहीत. पाण्याला एका छिद्रातून दुसऱ्यात जाण्यासाठी मातीच्या सूक्ष्म फटींतूनच वाट काढावी लागते. आकारमानाने साधारण २० टक्क्यांच्या आसपास आणि त्यापुढे कण एकमेकांना टेकू लागतात आणि सलग वाट तयार होते. दोन कण जेथे टेकतात तेथेच पुढे गळा होतो, आणि तो छिद्रापेक्षा बराच अरुंद असतो. १५ मायक्रॉनच्या स्टार्चने केलेल्या चकतीचे गळे काही मायक्रॉनचेच निघतात, यात नवल नाही. दुसऱ्या टोकाला, स्टार्च निम्म्याहून अधिक झाला की भिंती इतक्या पातळ होतात की भट्टीतून चकतीऐवजी चुराही निघू शकतो. पहिल्या खेपेला २०, ३० आणि ४० टक्के असे तीन घाणे करावेत.

मिसळणे, दाबणे, वाळवणे

कोरड्या पावडरींशी काम करताना बारीक धूळ गाळणारा मास्क लावावा आणि टेबल झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. मातीतली बारीक सिलिका फुप्फुसात साठते आणि तिने झालेली इजा भरून येत नाही.

केओलिन आणि स्टार्च आधी कोरडेच एकत्र चाळावेत, मग थंड पाणी शिंपडत वजनाच्या ६ ते ८ टक्के ओलावा आणावा. पाणी गरम घेऊ नये, कारण साठ अंशांच्या पुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात आणि त्यांचा मूळ आकार राहत नाही. मिश्रण मुठीत दाबले तर गोळा व्हावा आणि बोटाने ढकलले तर फुटावा, इतपतच ओले असावे. ते पुन्हा जाड चाळणीतून घासून काढले की एकसारखे दाणे मिळतात आणि साचा समान भरतो.

दाबण्यासाठी पोलादी साचा आणि हायड्रॉलिक प्रेस वापरतात; २० ते ३० मेगापास्कल दाब पुरतो. दाब जास्त दिला की चकती अधिक चांगली होईल असे वाटते, पण स्टार्चचा कण लवचिक असतो. दाबाखाली तो चेपतो आणि दाब निघताच पुन्हा फुलतो, त्यामुळे चकतीच्या आत दाबाला आडवे पापुद्रे सुटतात. ते कच्च्या चकतीत दिसत नाहीत, भाजल्यावर दिसतात. दाब सावकाश चढवावा, क्षणभर धरावा आणि त्याहूनही सावकाश उतरवावा.

चकत्या एक दिवस प्लॅस्टिकखाली झाकून, मधे एकदा उलटून वाळवाव्यात आणि नंतर ११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवाव्यात. प्रत्येक चकतीवर भाजण्यापूर्वी क्रमांक कोरून तिचे वजन, व्यास आणि जाडी वहीत टिपून ठेवावी.

भाजणी: अर्धे यश पहिल्या ६०० अंशांत

भाजणीचे दोन भाग वेगवेगळे समजून घ्यावे लागतात. पहिल्यात छिद्रकारक जळून जातो आणि दुसऱ्यात भिंत पक्की होते.

स्टार्च साधारण २५० ते ३५० अंशांच्या दरम्यान वेगाने विघटित होतो आणि त्यातून बराच वायू सुटतो. या टप्प्यात मातीचे कण अजून एकमेकांना जोडलेले नसतात, त्यामुळे वायूचा दाब वाढला की चकती फुगते, तडकते किंवा तिचा वरचा थर उचलला जातो. विघटनानंतर मागे कोळसा उरतो, आणि तो जाण्यासाठी बाहेरचा ऑक्सिजन चकतीच्या गाभ्यापर्यंत पोहोचावा लागतो. माझ्या पहिल्या घाण्यातल्या चकत्या बाहेरून पांढऱ्याशुभ्र निघाल्या होत्या. एक मोडून पाहिली तर आत मधोमध शिसपेन्सिलीच्या शिशासारखा काळा पट्टा, त्याभोवती राखाडी कड, आणि त्याबाहेर तीन मिलिमीटरची पांढरी साल. तापमान मी मिनिटाला पाच अंशांनी चढवले होते आणि भट्टीचे हवेचे छिद्र बंद होते. कोळसा जळून जाण्याआधीच बाहेरची साल आवळू लागली होती. काळ्या भागात छिद्रे अजून कोळशाने भरलेली होती, म्हणून ती चकती वरून पाणी शोषायची, पण आरपार जाऊ द्यायची नाही. तेव्हापासून प्रत्येक घाण्यातली एक चकती मोडून पाहण्याचा नेम मी चुकवत नाही.

म्हणून खोलीच्या तापमानापासून ६०० अंशांपर्यंत मिनिटाला एक अंश यापेक्षा वेगाने जाऊ नये. ३०० अंशांवर एक तास आणि ६०० अंशांवर दोन तास थांबावे. भट्टीत हवा खेळती ठेवावी आणि खोलीतला धूर बाहेर काढणारा पंखा चालू ठेवावा. केओलिनच्या रचनेत बांधलेले पाणीही ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान निघते आणि त्याने शुद्ध केओलिनचे वजन सुमारे १४ टक्क्यांनी घटते, म्हणून या टप्प्यातील सगळी घट स्टार्चची समजू नये. चकती जितकी जाड, तितका हा टप्पा लांबवावा लागतो. ग्रॅफाइट वापरले असेल तर ते ६०० अंशांच्या पुढे जळते, म्हणजे थांबण्याची जागाही वर सरकते.

दुसरा भाग सिंटरिंगचा. तापमान वाढले की टेकलेल्या कणांमध्ये द्रव्य सरकून एक बारीक मान तयार होते आणि कण एकमेकांना धरून बसतात. येथे एक बारकावा आहे आणि या सगळ्या विषयात मला तो सर्वाधिक मोलाचा वाटतो. कणाच्या पृष्ठभागावरून द्रव्य सरकत मानेकडे आले, तर मान जाड होते पण कणांची केंद्रे जागच्या जागी राहतात. वस्तू पक्की होते, आकसत नाही. कणांच्या आतून किंवा दोन कणांच्या सीमेवरून द्रव्य सरकले, तर केंद्रे जवळ येतात, वस्तू आकसते आणि पोकळी भरते. बहुतेक पदार्थांत कमी तापमानाला पहिली वाट अधिक चालते, जास्त तापमानाला दुसरी. अ‍ॅल्युमिनासारख्या पदार्थात सच्छिद्रता राखून ताकद हवी असेल, तर जास्त तापमान थोडा वेळ देण्यापेक्षा कमी तापमान जास्त वेळ देणे बहुधा फायद्याचे ठरते, ते यामुळेच. मातीत मात्र पोटॅश, सोडा, चुना असे घटक असले की काच तयार होते आणि ती फटींत ओढली जाऊन त्या भरू लागते. तेथे तापमान थोडे चुकले तरी छिद्रे झपाट्याने बंद होतात.

आकसण्याने किती पोकळी जाते हे हिशेबाने पाहावे. ५० टक्के पोकळी असलेली वस्तू व्यासात आणि जाडीत ५ टक्क्यांनी आकसली, तर तिचे आकारमान सुमारे १४ टक्क्यांनी घटते आणि पोकळी ४२ टक्क्यांच्या आसपास येते. तीच १० टक्क्यांनी आकसली तर पोकळी ३१ टक्क्यांवर उतरते. यात आधी बुजतात त्या मातीच्या बारीक फटी. स्टार्चने ठेवलेली मोठी छिद्रे, आपल्याभोवतीच्या कणांपेक्षा कितीतरी मोठी असल्याने, वस्तूबरोबर थोडी आकसतात पण मिटत नाहीत. या गुणाचा उपयोग करून भिंत जवळजवळ घट्ट आणि छिद्रे मोठी अशी रचना करता येते, किंवा तापमान कमी ठेवून भिंतही सच्छिद्र ठेवता येते.

केओलिन आणि स्टार्चच्या चकतीसाठी ६०० ते १००० अंश मिनिटाला तीन अंशांनी, वर एक तास, आणि मग भट्टी बंद करून तिच्यातच थंड होऊ देणे, असा क्रम धरावा. मातीत क्वार्ट्झ असेल तर ५७३ अंशांवर त्याचे स्फटिकरूप बदलते आणि आकारमान एकदम हलते, म्हणून उतरतानाही त्या पट्ट्यात घाई नको. दार शंभर अंशांच्या खाली आल्यावर उघडावे.

मोजमाप

तीन वजनांनी बरेच कळते. चकती कोरडी तोलावी. मग ती पाण्यात दोन तास उकळून त्याच पाण्यात थंड होऊ द्यावी, म्हणजे छिद्रांतली हवा निघून पाणी भरते. नंतर तिला पाण्यात टांगून तोलावे, आणि शेवटी बाहेर काढून, ओलसर कापडाने फक्त वरचे पाणी टिपून तोलावे. कोरडे कापड वापरले तर ते छिद्रांतलेही पाणी ओढते. समजा, कोरडे वजन ५० ग्रॅम, टांगलेले ३१ आणि भिजलेले ६२ आले. भिजलेल्यातून टांगलेले वजा केले की चकतीचे आकारमान ३१ घनसेंटिमीटर मिळते. भिजलेल्यातून कोरडे वजा केले की उघड्या छिद्रांचे १२ घनसेंटिमीटर मिळतात. उघडी सच्छिद्रता सुमारे ३९ टक्के आणि घनता सुमारे १.६१ होते. चकतीचा तुकडा कुटून त्याच्या पावडरीची खरी घनता काढली, तर एकूण पोकळीतून उघडी वजा करून बंद छिद्रांचाही हिस्सा कळतो.

गळा मोजण्यासाठी बुडबुड्याची कसोटी आहे आणि ती कोणत्याही लहान प्रयोगशाळेत जमते. पाण्याने भिजलेली चकती कडेने हवाबंद बसवून वर थोडे पाणी ठेवावे आणि खालून हवेचा दाब सावकाश वाढवावा. पहिला बुडबुडा ज्या दाबाला वर येतो तो किलोपास्कलमध्ये वाचून २८८ ला त्याने भागले, की आरपार जाणाऱ्या सर्वांत रुंद वाटेच्या गळ्याचा व्यास अंदाजे मायक्रॉनमध्ये मिळतो. बुडबुडा ६० किलोपास्कलला आला तर गळा सुमारे ५ मायक्रॉनचा. एकाच ठिकाणाहून फार लवकर बुडबुड्यांची माळ सुटली तर ते छिद्र नव्हे, तडा आहे. पाऱ्याच्या दाबाने छिद्रे मोजणारे यंत्रही गळाच मोजते; त्याचा आकडा पाहून छिद्रांचा आकार तेवढाच आहे असे समजू नये.

गुण कसे हलतात

सच्छिद्रता वाढली की ताकद सरळ रेषेत उतरत नाही, घातांकाने कोसळते. अनेक सिरॅमिकसाठी चालणारा ढोबळ नियम वापरला, तर ४० टक्के सच्छिद्रतेला घट्ट पदार्थाच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्शाएवढी ताकद उरते आणि ५० टक्क्यांना बाराव्या हिश्शाएवढी. मात्र हा नियम मान किती जाड आहे ते विचारत नाही. तेवढ्याच पोकळीच्या दोन चकत्यांपैकी जिच्या माना जास्त भरल्या आहेत ती कितीतरी मजबूत निघते. मोठे छिद्र किंवा पापुद्रा हाच मोडण्याचा आरंभबिंदू असतो, म्हणून स्टार्चचा एखादा न फुटलेला गोळाही सगळ्या चकतीची ताकद उतरवतो.

प्रवाहाचे गणित उलट दिशेने जाते. दाबलेल्या कणांच्या थरात सच्छिद्रता ४० वरून ५० टक्के झाली तर पाणी जाण्याची क्षमता सुमारे पावणेतीन पट होते. आणि सच्छिद्रता तीच ठेवून कणांचा आकार दुप्पट केला तर ती चौपट होते. म्हणजे प्रवाह वाढवायचा असेल तर आधी कण आणि छिद्रकारक मोठे करून पाहावे, कारण पोकळी वाढवण्याची किंमत ताकदीत मोजावी लागते; गळे किती रुंद चालतील ही मर्यादा मात्र उपयोगच घालून देतो. उष्णतारोधनात सुमारे हजार अंशांच्या पुढे मोठ्या छिद्रांतून किरणांवाटे उष्णता सहज पार होते, म्हणून तेथे तीच पोकळी लहान छिद्रांत वाटलेली बरी.

दुसरे मार्ग

फार मोकळी जाळी हवी असेल तर पॉलियुरेथेनचा स्पंज सिरॅमिकच्या घोळात बुडवतात, रोलरमधून पिळतात, वाळवतात आणि जाळून टाकतात. १९६३ च्या एका पेटंटपासून हा मार्ग रूढ आहे. त्यात सच्छिद्रता ९० टक्क्यांच्या पुढे जाते, पण स्पंजाचा प्रत्येक धागा जळाला की जाळीची काडी आतून पोकळ, त्रिकोणी भोकाची राहते आणि तेथूनच ती चिरते. हलके भाजून पुन्हा एकदा पातळ घोळात बुडवले तर या चिरा भरतात. घोळ ढवळताना पातळ आणि थांबताच घट्ट होणारा हवा, नाहीतर तो खाली ओघळून तळाची छिद्रे बुजवतो. स्पंजाचा धूर विषारी असतो, त्यामुळे धुराड्याशिवाय हे काम करू नये. घोळ गोठवून बर्फ निर्वातात उडवण्याच्या पद्धतीत बर्फाच्या पात्यांच्या आकाराची लांब छिद्रे मिळतात, आणि गोठवण्याचा वेग वाढवला की ती बारीक होतात. घोळात फेस करून तो गोठवण्याचाही मार्ग आहे. तेथे सगळी धडपड बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होण्याआधी घोळ घट्ट करण्याची असते.

पहिल्या तीन घाण्यांनंतर काय बदलायचे हे मोजमापावरून ठरवावे. चकती ठिसूळ आहे आणि फारशी आकसलेली नाही, तर तापमान ३० अंशांनी वाढवावे. बरीच आकसली आहे आणि उघडी सच्छिद्रता कमी आली आहे, तर तापमान तेवढेच उतरवावे. आकसणे बेताचे, सच्छिद्रता ठीक, तरीही पाणी उतरत नाही, तर चकती मोडून आधी गाभ्याचा रंग पाहावा. तो स्वच्छ असेल तर स्टार्चचा हिस्सा किंवा त्याच्या कणाचा आकार वाढवावा, दोन्ही एकदम नव्हे.